आईच्या फोनला लावलेलं रबर

२०२४ च्या मार्गशीर्षात कराडला गेले होते. शनिवार होता. हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आले तर मिक्सरशेजारच्या सॉकेटला आईचा फोन लावलेला, आणि फोनला रबर. मेथीच्या जुडीला येतं तसलं पिवळं रबर, दोन वेढे घालून अगदी मधोमध बसवलेलं. मेसेज वाचायचा तर आधी रबर वर सरकवायचं, वाचायचं, मग पुन्हा जागेवर आणायचं.

"हे काय गं?"

"अगं, त्याचं मागचं झाकण सैल झालंय. सारखं उचकटतं. रबर लावलं की बसतं नीट." आई भाकरी थापत होती. बोलण्यात तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. झाकण सैल झालं, रबर लावलं, काम झालं.

मी रबर काढलं. झाकण सैल झालेलं नव्हतं, आतली बॅटरी फुगली होती. पाठीचं पॅनल एका कडेनं नखभर वर आलं होतं आणि त्या फटीतून चंदेरी पिशवीचा कोपरा दिसत होता. ओट्यावर ठेवला तर फोन पालथ्या वाटीसारखा डुलला. हे कधीपासून, विचारलं, तर म्हणाली, "दिवाळीच्या आधीपासून असेल." म्हणजे दोन महिने ती फुगलेली बॅटरी गॅसपासून हातभर अंतरावर, दिवसरात्र चार्जिंगला लावून, रबरानं आवळून वापरत होती. आणि मला एका शब्दानं बोलली नव्हती, कारण फोन मी दिलेला होता आणि दिलेल्या वस्तूला नावं ठेवायची नसतात.

तो फोन माझाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये चौदा हजारांना घेतला. तेव्हा तो हातात आला त्या संध्याकाळी मी त्यावर सारसबागेतल्या तळ्याचे वीस-बावीस फोटो काढले होते. साडेतीन वर्षं वापरला. मग २०२२ च्या ऑक्टोबरात देशात फाइव्ह-जी आलं, पहिल्या तेरा शहरांत पुण्याचं नाव होतं, आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय निघेना. माझा फोन फोर-जीचा. खरं सांगायचं तर त्याला काहीही झालेलं नव्हतं. थोडा हँग व्हायचा, संध्याकाळी सातला चार्जर शोधावा लागायचा, एवढंच. पण "तीन वर्षं झाली की, आता बदलायलाच झाला" हे वाक्य आसपासचे सगळे इतक्या सहज म्हणत होते की तो जणू नियमच असावा असं मलाही वाटलं. जानेवारी २०२३ मध्ये मी नवा घेतला आणि जुन्याला नवी टेम्पर्ड काच, नवं कव्हर घालून तो आईला नेऊन दिला. तिला केवढा आनंद झाला होता. "एवढा चांगला फोन मला कशाला? तुलाच राहू दे."

आपल्या घरांत वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जातात आणि त्यात वाईट काही नाही. मी मोठ्या चुलत बहिणीची पुस्तकं आणि स्वेटर वापरून वाढले. पण पुस्तकं, कपडे, सायकल मोठ्याकडून धाकट्याकडे येतात. फोनचा प्रवास उलटा असतो. तो धाकट्याकडून मोठ्याकडे जातो. मुलाला नकोसा झाला की आईला, सुनेनं बदलला की सासऱ्यांना. ओळखीच्या दहा घरांत विचारलंत तर सात-आठ घरांत हेच ऐकायला मिळेल. म्हणूनच "फोन किती वर्षं वापरावा" हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकला तितक्या वेळा मला तो अर्धा वाटतो. मी साडेतीन वर्षं वापरला, हे माझं उत्तर झालं. फोनचं आयुष्य त्यापुढेही चालू होतं, आणि ते कुणाच्या हातात चालू होतं याचा मी हिशेबच केला नव्हता.

त्याच शनिवारी संध्याकाळी देवापुढं दिवा लावून आई बाहेरच्या खोलीत आली आणि फोन माझ्यापुढं धरला.

"ही पत्रिका उघडत नाहीये बघ. दोनदा 'हो' म्हटलं तरी काहीच दिसत नाही."

व्हॉट्सॲपवर तिच्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंच्या नंबरावरून आलेली फाइल होती. आमच्याकडे लग्न आहे, यायचं करा, सोबत पत्रिका. लग्नसराई सुरू, ओळखीचा नंबर, शंका घेण्यासारखं काय होतं त्यात? पण फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' होतं. ते पत्रिकेचं नाव नसतं. ते ॲप असतं. आईनं ते उतरवलं होतं, बसवलं होतं, आणि त्यानं मेसेज वाचायची परवानगी मागितल्यावर तीही देऊन टाकली होती. ओटीपी मेसेजमध्येच येतात. ज्यांच्या नंबरावरून ते आलं त्या बाईंच्या फोनमध्येही तेच शिरलेलं होतं, हे नंतर कळलं.

पुढची वीस मिनिटं मला आजही क्रमानं आठवतात. फोन विमान मोडवर टाकला, सिम काढलं. माझ्या फोनवरून बँकेला कळवून तिचं यूपीआय आणि कार्ड बंद करून घेतलं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावला. मग सेटिंगमध्ये जाऊन ॲपची यादी काढली, कारण त्या ॲपनं आपलं चित्र पडद्यावरून गायब केलं होतं. शेवटी फोन पूर्ण पुसून कोरा केला. पैसे वाचले. पेन्शनची रक्कम जशीच्या तशी होती.

आई त्या रात्री नीट जेवली नाही. "पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं आणि मला एवढं कळू नये," असं ती दोनदा म्हणाली. तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही. पुढच्या तीन दिवसांत मात्र कळलं की त्या संध्याकाळी जे झालं त्यातला मोठा वाटा माझा होता.

मंगळवारी तो फोन बंद करून, चार्ज उतरवून, स्टीलच्या डब्यात घालून मी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत नेला. तिथं दोन माणसं शेजारी उभी राहिली की दुकान भरतं. तिशीतला दुरुस्ती करणारा, कपाळावर भिंग, पुढ्यात निळी रबरी चटई आणि चटईवर आखलेल्या चौकोनांत कणीएवढे स्क्रू. फोन बघून त्यानं आधी एकच विचारलं, "ताई, दाबला नाही ना कुणी हा?" रबराचं सांगितलं तर त्याचा चेहरा गंभीर झाला.

नंतरची पंधरा मिनिटं मी त्याचे हात बघत उभी होते. गरम पट्टीवर फोन ठेवून त्यानं पाठीचा गोंद नरम केला. प्लास्टिकची पातळ पाती कडेनं फिरवली आणि पाठ उघडली. सगळ्यात आधी बॅटरीची पट्टी बोर्डावरून सोडवली. मग सिरिंजमधून अल्कोहोलचे चार-पाच थेंब बॅटरीच्या खाली सोडले, थांबला, पुन्हा दोन थेंब, आणि प्लास्टिकचं कार्ड आत सरकवत सरकवत बॅटरी सुटी केली. लोखंडी हत्याराला त्यानं हात लावला नाही. "भोक पडलं तर पेटते, ताई." बाहेर आली ती बॅटरी भरलेल्या करंजीसारखी टम्म होती, बोट लावलं तर आत हवा हलल्यासारखी वाटली. त्यानं ती वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात खोचली. नवी बसवली, चालू करून बघितली, गोंद लावला, आणि गोंद वाळेपर्यंत पाठ घट्ट बसावी म्हणून फोनला दोन रबरं लावली.

"फोन काय मरत नाही ओ," तो म्हणाला. "बॅटरी मरते, नाहीतर चार्जिंगचा जॅक जातो. गिऱ्हाइकाला वाटतं फोन गेला."

मला हे पटतं, आणि ते का पटतं ते जरा उलगडून सांगते. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे कण चार्ज होताना एका बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात आणि वापरताना परत दुसऱ्या बाजूला येतात. प्रत्येक फेरीत ग्रॅफाइटवर एक अगदी पातळ थर चढतो आणि थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. धरणात गाळ साचतो तसं. भिंतीवर पातळी तीच दिसते, फोनवरही शंभर टक्केच दिसतं, पण साठा आक्रसलेला असतो. शिवाय विजेला होणारा आतला विरोध वाढतो, त्यामुळे कॅमेरा उघडला किंवा नकाशा लावला की एकदम जास्त विजेची मागणी होते, विजेचा दाब कोसळतो आणि वीस टक्के दाखवत असतानाच फोन बंद पडतो. बॅटरीचं सगळ्यात जास्त नुकसान होतं उष्णतेनं आणि सतत शंभर टक्क्यांवर ठेवल्यानं. आईचा फोन गॅसशेजारी कायम चार्जरला असायचा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी. आतलं रसायन बिघडून वायू तयार होतो आणि पिशवी फुगते.

चार्जिंगची एक फेरी म्हणजे एकूण शंभर टक्के, मग ते एकदम भरा नाहीतर पन्नास-पन्नास करून दोनदा. अॅपलनं आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनबद्दल सांगितलेला आकडा होता पाचशे फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्के. आयफोन १५ पासून तो हजारावर गेला. रोज एक पूर्ण फेरी धरली तर पाचशे फेऱ्या दीड वर्षाच्या आत संपतात. म्हणजे "दोन वर्षांत फोन थकला" हे आपल्याला जे जाणवतं ते खोटं नसतं. थकलेला असतो तो आतला हजार-बाराशे रुपयांचा एक भाग. आणि त्यासाठी आपण वीस-पंचवीस हजारांची वस्तू बाजूला सारतो.

डिसेंबर २०१७ मध्ये अॅपलनं कबूल केलं होतं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरमधून कमी करत होते, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. लोक संतापले, कारण कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. कंपनीनं मग अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. ज्यांनी बॅटरी बदलून घेतली त्यांच्या 'म्हाताऱ्या' फोनचा वेग परत आला. मला त्या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. किती लोकांनी त्याआधीच, फोन संपला असं समजून, नवा घेऊन टाकला असेल?

पण तपकीर गल्लीतला तो मुलगा तिथंच थांबला नाही. पैसे देताना, साडेनऊशे झाले, त्यानं विचारलं, "हा कोण वापरणार?" आई, म्हटलं. "बँक आहे याच्यात?" आहे. तो काही बोलला नाही. त्यानं सेटिंग उघडलं, फोनविषयी, मग अँड्रॉइड आवृत्ती, आणि एका ओळीवर बोट ठेवून फोन माझ्याकडे वळवला. सुरक्षा अपडेट: १ नोव्हेंबर २०२१.

"नवी बॅटरी बसवून दिलीय, आणखी तीन वर्षं चालेल. पण बँक याच्यावर ठेवू नका."

मी मंडई मेट्रो स्टेशनकडे चालत निघाले आणि मनात महिने मोजत राहिले. मी आईला फोन दिला जानेवारी २०२३ मध्ये. म्हणजे त्या दिवशीच त्याची सुरक्षा थांबून चौदा महिने झालेले होते. नवी टेम्पर्ड काच, नवं कव्हर, आणि आत तो वाऱ्यावर सोडलेला. तिनं तो आणखी दोन वर्षं वापरला, त्यावर तिची पेन्शन आली, त्यावरून तिनं वीजबिल भरलं, औषधांचे पैसे दिले, भाचीच्या मुलीला वाढदिवसाचे पाचशे एक पाठवले.

कॉम्प्युटरशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना हे माहीत असतं. बाकीच्यांसाठी सांगते. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये दर महिन्याला नवी भोकं सापडतात, आणि सुरक्षा अपडेट म्हणजे ती बुजवणं. अपडेट थांबले की त्यापुढं सापडलेली भोकं त्या फोनमध्ये उघडीच राहतात. वापरणाऱ्याला बाहेरून काही दिसत नाही. फोन वाजतो, फोटो निघतात, व्हॉट्सॲप चालतं. शिवाय अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत अशा फसव्या ॲपना आडवं येणाऱ्या सोयी असतात. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, बाहेरून फाइलनं बसवलेल्या ॲपला पडद्यावरचं सगळं वाचायची आणि आपल्या वतीनं बटणं दाबायची मुभा सहजासहजी मिळत नाही. आईचा फोन अँड्रॉइड १० वर अडकलेला होता. नव्या फोननं पत्रिका उघडलीच नसती असं मी म्हणणार नाही. माणसाला भुलवणारा कोणत्याही फोनवर भुलवतो. पण ज्या दाराला दोन कड्या असायला हव्यात त्याला मी तिला एकच कडी दिली होती, आणि तीही गंजलेली.

यावर कुणी म्हणेल, बाबांचा फोन बारा वर्षं चालला की. चालला. बाबा वीज मंडळात होते. २००४ मध्ये त्यांनी नोकिया ११०० घेतला. त्याच्या डोक्यावर टॉर्च होता, आणि रात्री-बेरात्री खांबाशी उभं राहून काम करणाऱ्या माणसाला त्याचं मोल काय ते मी बघितलंय. पाठीमागचं झाकण अंगठ्यानं सरकवलं की निघायचं. आत बीएल-५सी बॅटरी, तिला सगळे नुसतं '५सी' म्हणायचे, ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरसुद्धा मिळायची. बाबा एक जादा बॅटरी शर्टाच्या खिशात ठेवायचे, रुमालात गुंडाळून. २०१६ मध्ये ते गेले तेव्हाही तो फोन चालू होता. त्याला कुठला अपडेट लागला नाही, कारण त्याच्यात चोरण्यासारखं काही नव्हतं. नंबर होते आणि सापाचा खेळ. आजच्या फोनमध्ये आधार असतं, बँक असते, जमिनीचा सातबारा असतो. माझा मामेभाऊ ई-पीक पाहणी फोनवरूनच करतो, १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर तशीच होते, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. म्हणून जुन्या काळातली 'मोडेपर्यंत वापरा' ही रीत मला मनापासून आवडत असली तरी ती जशीच्या तशी आता लावता येत नाही.

आईकडे सिलिंडर आला की ती एक गोष्ट न चुकता करते. गाडीवाल्याला थांबवते, चष्मा लावते आणि कड्याच्या आतल्या पट्टीवर रंगवलेलं अक्षर वाचते. ए, बी, सी किंवा डी, आणि पुढं वर्षाचे दोन आकडे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. सी-२६ असेल तर सप्टेंबर २०२६ पर्यंत त्या टाकीची तपासणी व्हायला हवी. तारीख उलटलेली टाकी ती घरात घेत नाही. "दुसरा आणा," म्हणते, आणि गाडीवाल्यांनाही आता ते माहीत झालंय. टाकी बाहेरून कितीही चकचकीत असो, ती आधी अक्षर बघते.

फोनलाही तशी तारीख असते हे मला बेचाळिसाव्या वर्षी तपकीर गल्लीत कळलं. फरक असा की टाकीवरची तारीख बोटभर मोठ्या अक्षरांत रंगवलेली असते, आणि फोनची तारीख घेताना कुणी सांगत नाही. दुकानात कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगतात, रॅम सांगतात, बँकेची ऑफर आणि बिनव्याजी हप्ते सांगतात. मी आता विचारते, "सुरक्षा अपडेट कधीपर्यंत?" काउंटरवरची मुलं आधी गोंधळतात, मग आपल्याच फोनवर शोधून सांगतात.

परिस्थिती सुधारतेय हे मात्र खरं. गूगलनं ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ काढताना सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगनं गॅलक्सी एस२४ ला तेच दिलं. नेदरलँड्समधल्या फेअरफोन नावाच्या छोट्या कंपनीनं तर २०१५ मध्ये काढलेला आपला दुसरा फोन २०२३ पर्यंत सांभाळला, आणि त्याची बॅटरी वापरणाऱ्याला घरी हातानं बदलता यायची. युरोपीय संघानं २० जून २०२५ पासून कायदाच केलाय: मॉडेलची विक्री थांबल्यावर निदान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट, सात वर्षं सुटे भाग, आणि आठशे फेऱ्यांनंतरही ऐंशी टक्के टिकेल अशी बॅटरी. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही सुरू झालं. पण फोनच्या खोक्यावर सिलिंडरसारखी ठसठशीत तारीख छापली पाहिजे, असं मला वाटतं. ती छापायला एक ओळ लागते. दहा-बारा हजारांचे फोन घेणाऱ्यांना ती सगळ्यात आधी हवी, कारण सात वर्षांची वचनं सुरू झाली ती महागड्या फोनपासून, आणि आपल्याकडे आई-वडिलांच्या हातात असतात ते स्वस्तातले.

मग फोन किती वर्षं ठेवावा? माझ्यापुरतं आता ठरलंय. घेतानाच शेवटची तारीख बघायची आणि तिथपर्यंत तो पुरवायचा. मधे एकदा, साधारण तिसऱ्या वर्षी, बॅटरी बदलायची. फोनमधल्या जागेत थोडी मोकळीक ठेवायची, शिगोशिग भरला की तो हमखास अडखळतो. पडदा फुटला आणि त्याचा खर्च फोनच्या निम्म्या किमतीवर गेला तरच आधी बदलायचा. कॅमेरा नवा आला, फाइव्ह-जी आलं, ऑफिसात कुणीतरी घेतला, यातलं एकही कारण माझ्यासाठी आता पुरेसं नाही. मी २०२३ मध्ये घेतलेला फोन चोवीस हजारांचा. तो दर दोन वर्षांनी बदलला असता तर महिन्याला हजार रुपये नुसते फोनचे झाले असते. सहा वर्षं पुरवला, बॅटरीचे पंधराशे धरले, तर साडेतीनशेच्या आसपास येतात. उरलेल्या पैशांत आईचा वर्षभराचा औषधांचा खर्च निघतो.

आणि पैशांच्या पलीकडचंही थोडं आहे. फोनच्या सगळ्या आयुष्यात जेवढा कार्बन हवेत जातो त्यातला सुमारे ऐंशी टक्के तो बनवतानाच जातो, अॅपलच्याच पर्यावरण अहवालांत हे दिसतं. आपण कितीही जपून चार्ज केला तरी उरलेल्या वाट्यातलाच थोडासा वाचतो. एक वर्ष जास्त वापरला तर एका नव्या फोनचं खोदकाम एक वर्षानं पुढं जातं, काँगोतलं कोबाल्ट, चिलीतलं लिथियम. २०२२ मध्ये जगात सहा कोटी वीस लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम बावीस टक्के नोंद होईल अशा रीतीनं पुनर्वापराला गेला. बाकीच्यातला काही तुमच्या-माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या चार्जरच्या गुंत्याखाली पडून आहे.

पण तारीख उलटल्यावर फोन आईला द्यायचा नाही. हे मी स्वतःला बजावलंय. तारीख उलटलेल्या फोनला दुसरं काम द्यायचं, ज्यात बँक नाही, सिम नाही.

त्या डिसेंबरात मी नवा फोन घेतला, तो आईसाठी. एकोणीस हजारांच्या आतला, ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आलेला, सहा वर्षांच्या सुरक्षा अपडेटचं वचन असलेला. माझ्या फोनची बॅटरी तपकीर गल्लीतच बदलून घेतली. दुकानदारानं मला ओळखलं, आईची चौकशी केली.

नाताळच्या सुट्टीत कराडला गेले. आईनं खोकं बघितलं आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, "तुलाच ठेव. मला तो जुना बराय, आता रबरही लागत नाही त्याला." मी तिला सुरक्षा अपडेटचं सगळं सांगितलं. पत्रिकेचं नाव काढलं नाही, तरी तिला ते कळलं. ती गप्प बसून ऐकत होती. मग तिनं विचारलं, "म्हणजे टाकीसारखंच की. याची तारीख काय?"

"ऑक्टोबर २०३०."

ती उठली, दिवाणाखालच्या डब्यातून चिकटपट्टी आणि पेन घेऊन आली. लोणच्याच्या बरणीवर लावते तशी बोटभर पट्टी कापली, आणि फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरांत तिच्यावर लिहिलं: डी-३०. कव्हर काढून ती आतल्या बाजूनं फोनच्या पाठीवर नीट दाबून बसवली, कडा नखानं चेपल्या, आणि कव्हर पुन्हा चढवलं.

"आता तुझा दाखव," ती म्हणाली.